कानामागची गोष्ट

मराठी विभागासाठी लेख द्या अशी नोटीस कॅन्टीनबाहेर लागली, तेव्हा माझा उजवा कान बंद होता. बंद म्हणजे खरोखरच बंद. उजवीकडे बसलेला मित्र काही बोलला की ते शेजारच्या फ्लॅटमधून आल्यासारखं वाटायचं. व्हायव्हाला सर उजव्या बाजूला बसले आणि मी प्रत्येक प्रश्नाला आधी मान हलवून मग पुन्हा विचारत होतो. मार्क किती पडले ते कृपया विचारू नका.

झालं असं, की पाचव्या सेमची परीक्षा संपल्यावर आम्ही चौघांनी मालवण गाठलं. स्कूबा डायव्हिंग करायचं हे एफवायपासून ठरलेलं. पैसे जमायला अडीच वर्षं गेली. मला नेमकी निघायच्या दोन दिवस आधी सर्दी झाली. कोकण रेल्वे करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरली तेव्हाच माझ्या कानांना दडे बसले आणि ते कुडाळपर्यंत सुटले नाहीत. शहाण्या माणसाने तिथेच काय ते ओळखलं असतं. पण डाइव्हच्या आधी भरायच्या फॉर्मवर सर्दी आहे का, असा रकाना होता, तिथे मी बिनदिक्कत नाही लिहिलं. अडीच वर्षं साठवलेले पैसे डोळ्यांसमोर होते हो!

बोटीवर इन्स्ट्रक्टरने दहा मिनिटं शिकवलं. श्वास तोंडाने घ्या, थांबवू नका. वर जायचं असेल तर अंगठा वर. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. कान दुखला तर पंजा हलवून कानाकडे बोट. आणि खाली जाताना वाल्साल्वा करत राहा. हा शब्द ऐकून मला वाटलं, सिलेंडरवरच्या कुठल्या तरी व्हॉल्व्हचं नाव आहे. मेकॅनिकलवाल्याला दुसरं काय वाटणार? मग त्याने करून दाखवलं : मास्कवरून नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि नाकातून हलकेच हवा फुंकायची. कान फट्कन उघडतो.

माझा उघडला नाही. एक-दीड मीटरवरच उजव्या कानात कळ आली. मी नाक दाबून फुंकलं, काही नाही. अजून जोरात फुंकलं. मित्र माझ्यापेक्षा खाली पोचलेले दिसत होते, त्यामुळे इभ्रतीचा प्रश्न होता. इन्स्ट्रक्टरने हातानेच ठीक आहे का विचारलं आणि मी सवयीने अंगठा वर केला! पाण्याखाली त्याचा अर्थ वर चला. त्याने मला वर न्यायला सुरुवात केली, मी मान जोरजोरात हलवली, पुन्हा थोडं खाली गेलो आणि या वेळी सगळा जीव एकवटून फुंकलं. कानात काहीतरी सरकलं, समुद्र एका बाजूला कलंडला आणि पुढची दोन मिनिटं मला वर कुठे आणि खाली कुठे ते कळत नव्हतं. वर आल्यावर मास्कमध्ये नाकातलं रक्त होतं. इन्स्ट्रक्टरचा यात काडीचा दोष नाही. खोटं मी लिहिलं होतं.

भाईंदरला परत आल्यावर कानाच्या डॉक्टरांनी आत बॅटरी मारून बघितलं. पडदा फाटला नव्हता, पण आत रक्त साकळलं होतं. तीन आठवडे पाण्यात डोकं नाही, विमान नाही (तो प्रश्न नव्हताच), नाक जोरात शिंकरायचं नाही. जाता जाता ते म्हणाले की वाल्साल्वा हा जोर लावायचा प्रकार नव्हे. पुन्हा तोच शब्द! कोण हा माणूस, ज्याच्या नावाने मी स्वतःचा कान फोडून घेत होतो? तीन आठवडे घरीच होतो. वाचायला सुरुवात केली.

अन्तोनियो मारिया वाल्साल्वा. जन्म 1666, गाव इमोला. फॉर्म्युला वन बघणाऱ्यांनी आत्ता कान टवकारले असतील. तेच इमोला, जिथे 1994 साली आयर्टन सेन्नाचा अपघात झाला. उत्तर इटलीतलं छोटं गाव, बोलोन्या शहरापासून तीसेक किलोमीटरवर, समुद्र काही जवळ नाही. पाण्याखाली जायच्या युक्तीला ज्याचं नाव चिकटलं, त्या माणसाने कधी डुबकी मारल्याचं कुठेच वाचायला मिळालं नाही. त्याचं सगळं आयुष्य मेलेल्या माणसांच्या डोक्यांत आणि जिवंत माणसांच्या दुखण्यांत गेलं.

शाळा जेझुइट पाद्र्यांकडे झाली. मग बोलोन्याच्या विद्यापीठात वैद्यक. तिथे त्याला गुरू भेटला तो मार्चेल्लो माल्पिगी. हे नाव बायोलॉजीत झुरळाच्या माल्पिघियन नलिकांमध्ये येऊन गेलंय, आठवतं का? बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या पहिल्यांदा पाहिल्या त्या यानेच, 1661 मध्ये. पुस्तकात काय लिहिलंय ते घोकू नका, स्वतः कापून बघा, हा त्याचा खाक्या. वाल्साल्वाने तो इतका मनावर घेतला की 1687 साली, एकविसाव्या वर्षी पदवी मिळाल्यावर चारचौघांसारखी प्रॅक्टिस थाटून गप्प बसण्याऐवजी त्याने एकच अवयव निवडला. कान. आणि त्याच्यावर सोळा वर्षं घालवली.

सोळा वर्षं! आपल्याला एक प्रोजेक्ट दोन सेम पुरवता येत नाही.

कानच का? माझा अंदाज असा, की तो अवघड होता म्हणून. बाहेरून दिसणारी पाळी आणि भोक हा नुसता दरवाजा. खरं यंत्र आत आहे, आणि ते कवटीतल्या सगळ्यात टणक हाडाच्या पोटात पुरलेलं आहे. तीन चिमुकली हाडं : हातोडी, ऐरण आणि रिकीब. त्यातली रिकीब तर जेमतेम तीन मिलिमीटरची, तांदळाच्या दाण्याहून लहान. तिच्यापलीकडे गोगलगाईच्या शंखासारखं वेटोळं. हे सगळं न मोडता उघडं करायचं, तेही कानशी, करवत आणि छिन्नीने. इलेक्ट्रिक ड्रिल नाही, बल्ब नाही, फ्रीज नाही. प्रेतं टिकावीत म्हणून काम थंडीत करायचं. बोलोन्यात शरीरविच्छेदनाची जाहीर प्रात्यक्षिकं कार्निव्हलच्या दिवसांत होत. बाहेर मुखवटे घालून लोक नाचतायत आणि आत लाकडी नाट्यगृहात टेबलावर प्रेत, अशी ती मजा. ते लाकडी सभागृह आजही बोलोन्यात दाखवतात. पण वाल्साल्वाचं खरं काम अशा गर्दीत झालं नाही, ते एकट्याने रात्री जागून झालं. त्या जागरणांनी तब्येतीची वाट लागली असं त्याच्या शिष्याने नंतर नोंदवून ठेवलंय.

त्याच शिष्याने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ती जेवताना वाचू नका. शवविच्छेदनात सापडलेले द्रव कसे आहेत हे कळावं म्हणून वाल्साल्वा ते जिभेवर ठेवून बघायचा. सडलेल्या जखमेतलं पाणीसुद्धा. केमिकल टेस्ट नव्हत्या, पीएच पेपर नव्हता, म्हणून जीभ हेच उपकरण. मी आमच्या केमिस्ट्री लॅबमध्ये पिपेटने तोंडात आम्ल ओढलं होतं तेव्हा मला फार मोठं दिव्य केल्यासारखं वाटलं होतं. असो.

1704 साली बोलोन्यात त्याचा ग्रंथ छापला गेला, लॅटिनमध्ये, मानवी कानावरचा प्रबंध. बाह्यकर्ण, मध्यकर्ण, अंतर्कर्ण ही जी विभागणी आपण शाळेत एका आकृतीत पाठ केली आणि विसरलो, ती कानाची नीट मांडणी त्याने यात केली. पुढचं शंभरेक वर्षं कानाचा अभ्यास करणाऱ्यांचं पान या ग्रंथावाचून हललं नाही. यातल्या दोन-तीन गोष्टी मला फार आवडल्या.

पहिली. एका बहिऱ्या माणसाचा कान त्याने मृत्यूनंतर उघडला, तेव्हा रिकीब आपल्या खिडकीत हाडाने जाम झालेली होती. हलतच नव्हती. म्हणजे हा माणूस बहिरा होता तो देवाच्या कोपाने किंवा मेंदू बिघडल्याने नव्हे, तर एक मेकॅनिकल पार्ट जाम झाल्यामुळे! आपल्या ब्रँचच्या माणसाला यापेक्षा सुंदर निदान कुठलं? त्या हाडाची शस्त्रक्रिया जमायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं.

दुसरी. मधल्या कानातून घशाच्या वरच्या भागापर्यंत एक नळी जाते, सुमारे साडेतीन सेंटिमीटरची. आपल्या शाळेच्या पुस्तकात तिला कंठकर्ण नलिका म्हटलेलं असतं. ही एरवी मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते, कानातली हवा बाहेरच्या दाबाशी जुळते आणि ती पुन्हा मिटते. ती उघडते कशाने, तर टाळूच्या एका स्नायूने ओढल्यावर, हेही त्याने शोधलं. म्हणजे ती साधी पाइप नाही, स्नायूवर चालणारा व्हॉल्व्ह आहे. (बोटीवर मला व्हॉल्व्ह वाटलं ते अगदीच चुकीचं नव्हतं तर!)

आता या नळीला नाव द्यायची वेळ आली. सोळा वर्षं राबलेला माणूस, ग्रंथ त्याचा, छापखाना त्याच्या गावचा. त्याने स्वतःचं नाव दिलं असतं तर कोणी अडवलं असतं असं वाटत नाही. त्याने नाव दिलं युस्टेशियन नळी. बार्तोलोमेओ युस्ताकी या रोमच्या शरीरशास्त्रज्ञाने ती नळी 1560 च्या दशकात नीट वर्णन केली होती, आणि तो 1574 मध्ये वारला होता. त्या बिचाऱ्याचं नशीब असं, की त्याने 1552 मध्ये करून घेतलेल्या शरीराच्या आकृत्यांचे तांब्याचे बरेचसे पत्रे न छापताच राहिले आणि थेट 1714 मध्ये छापून लोकांसमोर आले. म्हणजे वाल्साल्वाने त्याचं नाव नळीला दिलं, तेव्हा ते पत्रे अजून अंधारातच होते. असाइनमेंटच्या पहिल्या पानावर दुसऱ्याचं नाव खोडून आपलं टाकणाऱ्या आम्हा मंडळींना हे जरा जड जातं. गंमत म्हणजे नळीला दुसऱ्याचं नाव देऊनही, ती उघडायच्या युक्तीला जगाने नाव याचंच दिलं.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे ती युक्ती. इथे मी वाचता वाचता थांबलो, कारण ती आमच्या घरातली निघाली.

त्यासाठी जरा खारीत यावं लागेल. खारी म्हणजे भाईंदर पूर्वेचं खारीगाव. आता टॉवरच टॉवर आहेत, पण आमच्या आजीच्या लग्नाच्या वेळी घराच्या मागच्या बाजूला उभं राहिलं की मिठागरं दिसायची. आजोबा मिठागरावर कामाला होते. आजीही जायची. तिचा डावा कान तेव्हापासून वाहतो. पावसाळ्यात जास्त, उन्हाळ्यात कमी. खाऱ्या वाऱ्याने होतं असं ती म्हणते, आणि लसूण घालून कोमट केलेलं तेल त्यात टाकते. तिला हाक मारायची ती उजव्या बाजूने, हे आम्ही सगळी नातवंडं चालायला लागलो तेव्हापासून शिकलेलो. त्यात काही विशेष आहे असं कोणालाच कधी वाटलं नाही. म्हाताऱ्या माणसांना एका कानाने कमीच ऐकू येतं, असा एकूण समज.

वाल्साल्वाकडे जे पेशंट यायचे ते पाणबुडे नव्हते. ते आजीसारखे होते. कान वाहणारे. मधल्या कानात पू झालाय, पडद्याला भोक पडलंय, त्यातून घाण बाहेर येतेय. अँटिबायोटिक यायला अजून सव्वादोनशे वर्षं होती. हा पू तिथेच साचला तर आत मेंदूपर्यंत जायचा आणि माणूस दगावायचा. तो बाहेर काढायचा कसा? त्याने सुचवलं की पेशंटने नाक आणि तोंड घट्ट मिटावं आणि श्वास बाहेर सोडायचा जोर लावावा. हवा घशातून नळीत, नळीतून मधल्या कानात जाते आणि पडद्याच्या भोकातून पू ढकलत बाहेर पडते. पैसा लागत नाही, हत्यार लागत नाही, पेशंट स्वतःच स्वतःवर करतो. भोक आहे की नाही हेही त्यातून कळतं, कारण भोक असेल तर कानातून हवेचा आवाज येतो.

हे वाचल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाल्साल्वाच्या पेशंटच्या पडद्याला भोक होतं! जोर लावला तरी हवेला जायला वाट होती. माझा पडदा अखंड. मी जो जोर लावला तो बाहेर कुठे जाणार? छातीतून निघालेला तो दाब रक्तात आणि मेंदूभोवतीच्या पाण्यात चढतो, तिथून अंतर्कर्णात पोचतो, आणि अंतर्कर्णाच्या पातळ पापुद्र्यासारख्या खिडक्या आतून बाहेर ढकलल्या जातात. त्या फुटल्या तर ऐकणं कायमचं जाऊ शकतं आणि चक्कर पाठ सोडत नाही. समुद्र कलंडला होता तो उगाच नाही.

आता थोडं फ्लुइड मेकॅनिक्स, कारण हे इंजिनिअरिंगचं मासिक आहे. पी बरोबर रो जी एच. खारं पाणी, घनता 1025. तीन मीटरवर जादा दाब सुमारे 30 किलोपास्कल. कानाच्या पडद्याचं कामाचं क्षेत्रफळ साधारण 60 चौरस मिलिमीटर धरा. बल येतं 1.8 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 180 ग्रॅमचं वजन, एक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतक्या जाड पडद्यावर! आणि कंठकर्ण नलिकेचं घशातलं टोक मऊ असतं. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा सुमारे 90 मिलिमीटर पाऱ्याइतका जास्त झाला की ते टोक चप्प दाबलं जातं आणि नळी लॉक होते. 90 मिलिमीटर पारा म्हणजे किती पाणी, तर सव्वा मीटरच्या आतबाहेर. म्हणजे मी जिथे पहिल्यांदा फुंकायला सुरुवात केली तिथेच दार बंद झालेलं होतं, वर सर्दीने सूज. बंद दाराला लाथा घालण्यात अर्थ नव्हता. अर्धा-एक मीटर वर जाऊन दाब कमी करायचा, मग हलकेच फुंकायचं, एवढंच करायला हवं होतं. किंबहुना दुखायच्या आधीच, पाण्यात उतरल्या क्षणापासून. बॉइलच्या नियमाने पहिल्या दहा मीटरांत हवेचं आकारमान निम्मं होतं, पुढच्या दहांत तेवढं नाही. म्हणून सगळी मारामारी वरवरच्या पाण्यातच असते.

वाल्साल्वाकडे परत येतो, कारण त्याचं कानाबाहेरचं आयुष्यही सांगायला हवं. बोलोन्यात सान्तोर्सोला नावाचं इस्पितळ होतं. जे बरे होणार नाहीत असे रोगी आणि वेडे ठरवलेले लोक तिथे ठेवत. वाल्साल्वा तिथे कित्येक वर्षं सर्जन होता. त्या काळी वेड्यांना मारझोड हा उपचारच समजला जायचा. याने त्याला विरोध केला, त्यांना माणसासारखं वागवायला लावलं. पॅरिसमध्ये पिनेलने वेड्यांच्या साखळ्या काढल्या ती गोष्ट प्रसिद्ध आहे, पण ती 1790 च्या दशकातली. हा त्याच्या सत्तर-ऐंशी वर्षं आधीचा. सर्जरीतही, हातपाय कापल्यावर रक्त थांबवायला तापलेल्या लोखंडाने डागायची पद्धत होती, ती त्याला पसंत नव्हती. तो रक्तवाहिन्या बांधून टाकायच्या बाजूचा.

त्याचं सगळंच बरोबर होतं असं मात्र नाही. रक्तवाहिनीला फुगा आला की तो पेशंटचं वारंवार रक्त काढायचा आणि जेवण इतकं कमी करायचा की माणसाला हात उचलवत नसे. दाब कमी झाला की फुगा फुटणार नाही, हे लॉजिक. कल्पना हुशारीची, पण पेशंटचं काय होत असेल! ग्रेट माणसांच्या चरित्रात हा भाग गाळतात. मी गाळत नाही.

मेंदूबद्दल त्याने जे पाहिलं ते मात्र पक्कं होतं. अर्धांगवायूने गेलेल्यांची डोकी उघडून त्याने दाखवलं की शरीराची उजवी बाजू लुळी असेल तर इजा मेंदूच्या डाव्या बाजूला सापडते, आणि उलट.

1698 मध्ये बोलोन्यात सोळा वर्षांचा एक मुलगा शिकायला आला. जोव्हान्नी बात्तिस्ता मॉर्गान्यी. वाल्साल्वाने त्याला हाताशी घेतलं, आणि कानाच्या ग्रंथाच्या शेवटच्या वर्षांत हा पोरगा त्याचा उजवा हात होता. ज्युनिअरने सीनिअरच्या प्रोजेक्टवर राबायचं आणि नाव सीनिअरचं, ही परंपरा आपल्याकडेच आहे असं समजू नका. पण इथे नातं वेगळं होतं. वाल्साल्वाने बाकीचं आयुष्य पुस्तकं छापण्यात घालवलंच नाही. कान सोडून जे जे पाहिलं ते वह्यांत राहिलं. 1723 साली, सत्तावन्नाव्या वर्षी, तो मेंदूच्या झटक्याने गेला. ज्या रोगाने मेलेल्यांची डोकी उघडली, त्याच रोगाने.

त्या वह्या कपाटात कुजल्या असत्या. मॉर्गान्यी तोवर पादुआला प्राध्यापक आणि युरोपभर प्रसिद्ध झाला होता. त्याने त्या वह्या नीट लावल्या, त्यावर स्वतःचे खुलासे लिहिले, गुरूचं चरित्र लिहिलं आणि 1740 मध्ये व्हेनिसला ते सगळं छापून घेतलं. गुरू जाऊन सतरा वर्षं झाली होती. महारोहिणीच्या तोंडाशी जे तीन फुगवटे असतात, ज्यांना डॉक्टर लोक आजही वाल्साल्वाचे सायनस म्हणतात, ते यातूनच जगाला कळले. पुढे 1761 मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी, मॉर्गान्यीने रोग शरीरात नेमका कुठे बसलेला असतो यावरचा आपला मोठा ग्रंथ काढला, ज्याने आधुनिक पॅथॉलॉजी सुरू झाली. त्यातही वाल्साल्वाच्या कितीतरी केसेस आहेत, गुरूच्या नावानिशी.

युक्ती मात्र पुढे भलत्याच वाटांनी गेली. लंडनचा कानाचा डॉक्टर जोसेफ टॉयनबी याने नाक दाबून फुंकण्याऐवजी नाक दाबून गिळायचं, अशी पद्धत सांगितली. 1866 मध्ये कानात वाजणाऱ्या आवाजावर उपाय शोधताना त्याने क्लोरोफॉर्म आणि हायड्रोसायनिक आम्लाची वाफ स्वतःवरच घेऊन पाहिली आणि तो आपल्या कन्सल्टिंग रूममध्ये मृतावस्थेत सापडला. हर्मन फ्रेन्झेल या जर्मन डॉक्टरने 1938 मध्ये वेगाने खाली झेपावणाऱ्या बॉम्बर वैमानिकांसाठी तिसरी पद्धत काढली. नाक चिमटीत, घसा बंद, आणि जिभेच्या मागच्या भागाचा पिस्टन करून हवा वर ढकलायची. यात छातीचा जोर येतच नाही, म्हणून अनुभवी डायव्हर हीच वापरतात. 1943 मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी अ‍ॅक्वालंग बनवलं, आणि ज्याला त्याला समुद्रात जाता येऊ लागलं. तेव्हापासून कान वाहणाऱ्यांचा उपाय कान न फुटू देण्याचा उपाय झाला. हृदयाची धडधड अचानक वाढली तर डॉक्टर पेशंटला हीच युक्ती करायला लावतात, ते आणखी वेगळंच.

तर कान बरा झाल्यावर मी रोज आरशासमोर नाक दाबून सराव करायला लागलो. हलकेच, पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. आजी ओटीवर बसून बघत होती. काय चाललंय म्हणून तिने विचारलं, मी सांगितलं, आणि तिने मी काही म्हणायच्या आत नाक दाबून फुंकलं. तिच्या डाव्या कानातून स्सस्स असा आवाज आला. शिटी व्हायच्या आधी कुकर करतो तसा. ती स्वतःच दचकली आणि मग खो खो हसायला लागली. मला हसू आलं नाही. तीनशे वर्षांपूर्वी बोलोन्यात कोणीतरी असाच एखाद्या आजीसमोर बसून हा आवाज ऐकला असणार, आणि त्याला लगेच कळलं असणार की पडद्याला भोक आहे. आम्हाला कळायला चाळीस वर्षं लागली. आम्ही तिला उजवीकडून हाका मारत राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरांकडे तिला घेऊन गेलो. तेल पहिल्यांदा बंद झालं. कान कोरडा करायला दोन महिने लागले, मग ऐकण्याची तपासणी झाली, आणि एप्रिलमध्ये पडदा बसवायचं ऑपरेशन झालं. कानामागचा स्नायूवरचा जरासा पातळ पापुद्रा घेऊन त्याचं ठिगळ लावतात. बाबांनी खर्चाबद्दल एक अक्षर काढलं नाही, फक्त इतकी वर्षं का नेलं नाही असं ते स्वतःशीच दोन-तीनदा म्हणाले.

मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, मी पुन्हा मालवणला गेलो. (संपादक मंडळाने डेडलाइन दोनदा वाढवली म्हणून हा भाग येतोय, त्यांचे आभार!) या वेळी सर्दी नव्हती आणि फॉर्म खरा भरला होता. बोटीवरच एकदा कान उघडून घेतला. दोर धरून, पाय खाली ठेवून, हळूहळू उतरलो. दर हातभर अंतरावर नाक धरून अगदी हलकेच. तीन मीटरवर उजवा कान जरा कुरकुरला, मी पंजा हलवून कानाकडे बोट दाखवलं, थोडा वर आलो, गिळलं, आणि टक् झालं. सहा मीटरपर्यंत किती वेळा नाक धरलं ते मोजलं नाही, पण मास्कवरचा हात खाली आलाच नसेल. तळाला काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे खडकाला तोंड लावून काहीतरी टोचत होते, आणि दोन्ही कानांनी मला माझ्याच बुडबुड्यांचा आवाज ऐकू येत होता.

किनाऱ्यावर येऊन पहिला फोन आजीला केला. तिने तो डाव्या कानाला लावला होता असं आई नंतर सांगत होती. कसं झालं ते सांगितलं. ती म्हणाली की मलाही करून बघायचंय. तिला सध्या नाक शिंकरायचीसुद्धा बंदी आहे. ठिगळ पक्कं होईपर्यंत शिंक आली तरी तोंड उघडं ठेवून द्यायची, असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि ती कधी उठते ते दिवस कॅलेंडरवर खुणा करून मोजतेय.